पिढीजात अंत्यविधी व्यवसाय : वाचकांचे प्रश्न

ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ (दुसऱ्या) यांच्या सप्टेंबर २०२२ मधील अंत्ययात्रेविषयी लिहिताना राजघराण्याचे अंडरटेकर (म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था पैसे घेऊन करणारे व्यावसायिक) म्हणून काम पाहणारी लंडनची लेव्हर्टन ही पेढी १७८९ पासून एकाच घराण्याकडे आहे, असा उल्लेख या सदरात ओघाने आला होता. त्या एका वाक्यावर बरेच प्रश्न आले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : आपल्याकडे मृत्यू झाला की नातेवाईक आणि शेजारीच सगळी तयारी करतात. इंग्लंडमध्ये हे काम पैसे घेऊन करणारी दुकाने कशी निघाली आणि ती एकेका घराण्यात दोन-दोनशे वर्षे कशी टिकली?

उत्तर : सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्लंडमध्येही सामान्य माणसाच्या मरणाशी दुकानदाराचा फारसा संबंध नसे. शेजारच्या जाणत्या बायका प्रेताला आंघोळ घालीत आणि कफन चढवीत. पुष्कळ गावांत चर्चच्या मालकीची एक सामायिक शवपेटी असे. तिच्यातून प्रेत दफनभूमीपर्यंत नेले जाई, कफनासह पुरले जाई आणि रिकामी पेटी पुढच्या मृतासाठी चर्चमध्ये परत येई. सरदार-उमरावांच्या अंत्ययात्रा मात्र फार वेगळ्या असत. कोणाच्या यात्रेत किती निशाणे असावीत, कोणती ढाल मिरवावी आणि शोक करणारे किती असावेत, हे ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही कुलचिन्हांवर देखरेख ठेवणारी संस्था ठरवीत असे आणि त्याचे भक्कम शुल्कही घेत असे. या दोहोंच्या मध्ये शहरांतला सधन व्यापारी वर्ग वाढत होता. त्याच्या गाठीला पैसा होता, थाटाची हौस होती. पण कुलचिन्हांचा मान नव्हता.

ही गरज हेरणाऱ्यांपैकी नोंदीत सापडणारे अगदी सुरुवातीचे नाव लंडनच्या विल्यम रसेल या कारागिराचे आहे. शवपेट्या करणे आणि कुलचिन्हे रंगवणे हे त्याचे काम. १६८० च्या दशकात त्याने अंत्ययात्रेचे सगळे सामान आपल्याकडून पुरवायला सुरुवात केली आणि १६८९ च्या सुमारास थेट कॉलेज ऑफ आर्म्सशी करार करून, ठरावीक मोबदल्यावर तिथले अधिकारी आपल्या गिऱ्हाइकांच्या अंत्ययात्रेला हजर राहतील अशी व्यवस्था केली. काळे कापड, हातमोजे, मेणबत्त्या, गाडी-घोडे हे सारे एका दारी भाड्याने मिळण्याची पद्धत त्या सुमारास रुळू लागली.

खेड्यांत आणि लहान गावांत मात्र हा व्यवसाय सुताराच्या कामशाळेत वाढला, आणि पिढीजात पेढ्यांचा खरा इतिहास मला तिथेच सापडतो. ‘बांधकाम, सुतारकाम आणि अंत्यविधी’ अशी एकत्रित पाटी इंग्लंडमधल्या गावांत विसाव्या शतकातही सर्रास दिसे. शवपेटीसाठी प्रामुख्याने एल्मचे लाकूड वापरत, कारण ते ओलाव्यात टिकते आणि सहजासहजी चिरत नाही. ऐपतदारांसाठी ओक असे. खोडे विकत घेऊन, फळ्या पाडून त्या अंगणात वर्षानुवर्षे वाळत ठेवाव्या लागत, म्हणजे बाप जी फळी रचून ठेवी ती पुष्कळदा मुलाच्या रंध्याखाली येई. पेटीची बाजू खांद्यापाशी वळवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. ज्या जागी वळण द्यायचे तिथे फळीच्या आतल्या अंगाला करवतीने जवळजवळ, पण आरपार न जाणाऱ्या खाचा पाडतात, त्यांवर कढत पाणी ओततात, आणि लाकूड नरमले की ते हळूहळू वाकवून तळाच्या फळीला ठोकतात. खाच उथळ पडली तर फळी वाकत नाही, खोल पडली तर मोडते. मग आतल्या सांध्यांवर वितळलेले डांबर फिरवून पेटी पाझरणार नाही अशी करतात, आणि तळाशी भुसा किंवा रंध्याच्या साली पसरून त्यावर कापड घालतात. मृत्यूनंतर एक-दोन दिवसांत, अनेकदा रातोरात, हे सगळे उरकावे लागे. असे काम शिकण्यासाठी घरातल्या मुलाला वेगळी शाळा लागत नसे. तो त्याच अंगणात वाढलेला असे.

घराण्यात टिकण्याचे दुसरे कारण गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले की कळते. सामान्य कुटुंबावर अंत्यविधीची व्यवस्था करण्याची वेळ कित्येक वर्षांतून एकदा येते, ती दुःखात येते आणि हातात वेळ नसतो. अशा घडीला कोणी चार दुकाने फिरून भाव विचारत नाही. आजीच्या वेळी ज्यांना बोलावले होते त्यांनाच आजोबांच्या वेळी निरोप जातो. कुटुंबाची दफनाची जागा कुठली, तीत आधी कोणाला ठेवले आहे, आणखी किती जणांना जागा उरली आहे, घरात कोणाचे कोणाशी पटत नाही, मागच्या वेळी बिलाचे पैसे हप्त्याने दिले होते की रोख, हे सारे त्या पेढीला ठाऊक असते आणि ती ते चार लोकांत बोलत नाही. हा भरवसा विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळतो. म्हणून मुलाने बापाचेच नाव पाटीवर ठेवणे हा नुसता पितृभक्तीचा भाग नव्हता, तो व्यवहारही होता.

प्रश्न : लेव्हर्टनच्या आधी इंग्लंडच्या राजांचे अंत्यविधी कोणाकडे होते? तेही एकाच घराण्याकडे असत का?

उत्तर : होय, एकोणिसावे शतक जवळजवळ पूर्णपणे एका घराण्याचे आहे. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरचे बँटिंग हे मुळात उंची लाकडी सामान आणि गाद्यागिर्द्या करणारे लोक. राजवाड्याला फर्निचर पुरवता पुरवता ते राजघराण्याच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहू लागले, आणि यात त्या काळच्या लोकांना काही विसंगत वाटत नसे, कारण शवपेटी म्हणजे सुतारकाम आणि तिच्यावरचे मखमल, झालर, चंदेरी खिळे म्हणजे गादीकाम. तिसरे जॉर्ज (१८२०), चौथे जॉर्ज (१८३०), सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन (१८५२), प्रिन्स अल्बर्ट (१८६१), राणी व्हिक्टोरिया (१९०१) आणि सातवे एडवर्ड (१९१०) यांच्या अंत्यविधीची व्यवस्था या एकाच घराण्याने पाहिली.

यांतला वेलिंग्टनचा अंत्यविधी दिखाऊपणाचा कळस मानला जातो. १८ नोव्हेंबर १८५२ रोजी निघालेल्या त्या यात्रेसाठी ब्राँझचा एक अजस्र रथ मुद्दाम ओतून घेतला होता. तो ओढायला १२ घोडे जुंपले होते, आणि तरीही पॉल मॉलच्या रस्त्यात त्याची चाके रुतली व तो बाहेर काढायला शिपायांना हात लावावा लागला. पन्नास वर्षांनी व्हिक्टोरियाने आपल्या अंत्यविधीसाठी लिहून ठेवलेल्या सूचना वाचल्या, तर या थाटाला लोक किती विटले होते याचा अंदाज येतो. चाळीस वर्षे वैधव्याचा काळा पोशाख घालणाऱ्या त्या राणीने स्वतःसाठी काळे आच्छादन नको, पांढरे असावे, आणि अंत्यविधी सैनिकाचा असावा, असे सांगून ठेवले होते.

या घराण्यातला विल्यम बँटिंग (मृत्यू १८७८) आज निराळ्याच कारणासाठी लोकांच्या लक्षात आहे. अतिशय लठ्ठ असलेल्या या गृहस्थांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने साखर, पाव, बटाटे सोडून वजन उतरवले आणि तो अनुभव १८६३ मध्ये पुस्तिकारूपाने छापला. ती इतकी खपली की राजांच्या शवपेट्या करणाऱ्या घराण्याचे नाव युरोपभर आहारनियमनाशी जोडले गेले.

राजघराण्याशी असलेला बँटिंग यांचा संबंध १९२८ मध्ये विल्यम वेस्टपोर्ट बँटिंग निवृत्त झाले तेव्हा संपला. पुढे केनियन या दुसऱ्या कौटुंबिक पेढीने सहावे जॉर्ज (१९५२) आणि विन्स्टन चर्चिल (१९६५) यांचे अंत्यविधी पार पाडले. १९९१ मध्ये हे काम लेव्हर्टन यांच्याकडे आले. त्यांचा मूळ पुरुषही डेव्हनहून लंडनला आलेला सुतारच होता. प्रिन्सेस डायना (१९९७), राजमाता एलिझाबेथ (२००२) आणि प्रिन्स फिलिप (२०२१) यांची व्यवस्था याच पेढीने पाहिली. आणि उत्तर लंडनमधल्या कॅम्डन भागातल्या साध्या कुटुंबांसाठीही ती आजवर तेच काम करत आली आहे.

प्रश्न : दुःखात असलेल्या माणसाला भाव करता येत नाही, असे म्हणतात. मग या घराण्यांनी त्याचा फायदा घेतला नाही का?

उत्तर : काहींनी नक्कीच घेतला, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एडविन चॅडविक या आरोग्यसुधारकाने १८४३ मध्ये शहरांतल्या दफनपद्धतीवर सरकारला सविस्तर अहवाल दिला. त्यात गरिबांच्या अंत्यविधीच्या खर्चाचे चित्र फार बोलके आहे. सरकारी खर्चाने, बेवारशासारखे पुरले जाणे ही त्या काळच्या कामगारवर्गाला सर्वांत मोठी नामुष्की वाटे. ती टाळण्यासाठी लोक दर आठवड्याला पेनी-पेनी भरून ‘दफन मंडळां’चे सभासद होत, घरात खायला नसले तरी हा हप्ता चुकू देत नसत. मंडळाकडून हाती येणारी रक्कम किती असते हे अंडरटेकरला आधीच ठाऊक असे, आणि त्याचे बिल पुष्कळदा नेमके तेवढेच होई. काळी पिसे, दारात मुकाट उभे राहणारे भाडोत्री शोककर्ते, काळे घोडे अशी एकेक बाब त्यात भरत जाई.

त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट मला या संपूर्ण व्यवसायाच्या इतिहासात महत्त्वाची वाटते. लंडनमध्ये अंडरटेकर म्हणून पाटी लावणाऱ्यांपैकी पुष्कळ जण केवळ मध्यस्थ होते. ते गिऱ्हाईक धरत आणि काम दुसऱ्याला देत. तो ते तिसऱ्याला देई. आणि प्रत्येकाचा नफा शेवटी विधवेच्या बिलात चढे. गाडी-घोडे तर थोड्याच मोठ्या मालकांकडे असत आणि बाकीचे ते भाड्याने आणत. म्हणजे ज्याचे नाव दारावर आहे त्यानेच काम केले असेल, याची खात्री १८४३ मध्येही नव्हती. पुढच्या एका उत्तरात हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

प्रश्न : अशा घरात जन्मलेल्या मुलींचे काय? पाट्यांवर ‘आणि पुत्र’ असेच लिहिलेले दिसते.

उत्तर : पाटीवर पुत्र असले तरी दुकान चालवण्यात घरातल्या बायकांचा वाटा मोठा होता. बाईचे प्रेत असेल तर आंघोळ आणि पोशाख बहुधा अंडरटेकरच्या बायकोकडे येई. पेटीच्या आतले अस्तर आणि कफन घरातच शिवले जाई. हिशेबाच्या वह्या, दारावरची रात्रीची घंटा आणि पुढे टेलिफोन यांना उत्तर देणे हेही त्यांच्याकडेच असे. घरमालक मागच्या अंगणात किंवा दफनभूमीत असताना पहिले चार शब्द बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा तीच. पती वारल्यावर पेढी स्वतःच्या नावावर चालवणाऱ्या विधवा जुन्या व्यापारी सूचींत आढळतात. आता मुली आणि नाती उघडपणे संचालक होतात आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालतात. हा बदल स्वागतार्ह आहे, पण त्यांच्या पणज्यांचे काम कागदावर आले नाही याची खंत वाटते.

प्रश्न : शवपेटी करणे हाच मूळ धंदा असेल, तर कारखान्यात पेट्या तयार होऊ लागल्यावर या पेढ्या बंद कशा पडल्या नाहीत?

उत्तर : कारण विसाव्या शतकात त्यांच्या हातातून एकामागून एक कामे जात होती, तशीच नवी कामे येतही होती. १९१४ च्या महायुद्धात लष्कराने घोडे ताब्यात घेतले आणि नंतरच्या वीस वर्षांत घोडागाडीची जागा मोटारीने घेतली. पेट्या आणि त्यांच्या कड्या-मुठी कारखान्यांतून येऊ लागल्या. १९७० च्या दशकात एल्मच्या झाडांवर आलेल्या साथीने उरलेसुरले लाकूडही संपवले.

दहनाचा प्रसार हा त्याहून मोठा फेरफार. १८८४ मध्ये वेल्समधील विल्यम प्राइस या डॉक्टरने आपल्या मृत बाळाचे उघड्यावर दहन केले म्हणून त्याच्यावर खटला झाला, आणि दहन हा मुळात गुन्हा नाही असा निर्वाळा न्यायालयाने दिला. पुढच्याच वर्षी वोकिंग येथे पहिले अधिकृत दहन झाले, आणि १९०२ मध्ये कायदा आला. तरी लोकांना ते रुचायला दोन महायुद्धे जावी लागली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस दहनांची संख्या दफनांपेक्षा अधिक झाली, आणि आज चारपैकी तीनहून अधिक अंत्यविधी दहनाचे असतात. दहनाबरोबर डॉक्टरांची प्रमाणपत्रे, अर्ज आणि दहनगृहातल्या ठरलेल्या वेळा आल्या. कागदपत्रांची ही धावाधाव शोकात असलेल्या कुटुंबाला झेपत नाही, म्हणून ती अंडरटेकरकडे आली.

माझ्या मते मात्र सर्वांत खोल बदल दहनाने घडवला नाही, तर घराने आणि इस्पितळाने घडवला. पूर्वी प्रेत दफनापर्यंत घरातल्या पुढच्या खोलीत ठेवत, आणि अंडरटेकर पेटी घेऊन घरी येई. दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि त्यानंतर लोकांना हे नकोसे होऊ लागले. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर मृत्यू वाढत्या प्रमाणात घराबाहेर होऊ लागले. तेव्हा पेढ्यांनी आपल्या दुकानामागेच ‘विश्रामकक्ष’ बांधले, जिथे कुटुंबीय येऊन शेवटचे दर्शन घेऊ शकत. सुताराच्या जुन्या कामशाळेचा विश्रामकक्ष झाला, तबेल्याचे मोटारगॅरेज झाले. काही दशकांपूर्वीपर्यंत शेजारच्या बायका जे करत होत्या तेही आता पेढीच्या माणसांकडे आले. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश अंडरटेकर्स असोसिएशन’ने १९३५ मध्ये स्वतःचे नाव बदलून ‘नॅशनल असोसिएशन ऑफ फ्युनरल डायरेक्टर्स’ असे केले, ते या व्यवसायाला सुतारकामापासून वेगळी ओळख हवी होती म्हणून.

प्रश्न : परदेशात राहणाऱ्या एका नातेवाइकाने सांगितले की जुन्या घराण्यांच्या नावाची कित्येक दुकाने प्रत्यक्षात मोठ्या कंपन्यांच्या मालकीची आहेत. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. ही कहाणी अमेरिकेपासून सांगावी लागते, आणि तिच्यातले प्रमुख लोक बाहेरून आलेले भांडवलदार नव्हते, अशाच घराण्यांतले मुलगे होते.

टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात रॉबर्ट वॉल्ट्रिप यांच्याकडे वडिलांची अंत्यविधी पेढी आली. त्यांच्या लक्षात आले की एका दुकानात आठवड्याला मोजके अंत्यविधी होतात, पण शववाहिनी, चालक, शवागार आणि प्रेत टिकावे म्हणून त्यावर प्रक्रिया करण्याची (लेपनाची) खोली यांवरचा खर्च रोजचा असतो. जवळपासची पाच-सहा दुकाने एका मालकाची असली, तर हे सारे एका ठिकाणी ठेवून सगळ्यांना पुरवता येते. या विचारावर त्यांनी १९६२ मध्ये ‘सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल’ ही कंपनी काढली, जी पुढे जगातली सर्वांत मोठी अंत्यविधी कंपनी झाली. विकत घेतलेल्या दुकानावरचे जुने नाव मात्र तसेच ठेवायचे, आणि शक्य असेल तर जुन्या मालकालाच पगारावर पुढे बसवायचे, हा या पद्धतीचा गाभा होता. मुलाला धंद्यात रस नसलेल्या साठीतल्या मालकाला अशी खरेदी सोयीची वाटे, यातही शंका नाही.

कॅनडात मॅनिटोबा प्रांतातील स्टाइनबाख गावच्या एका अंडरटेकरचे पुत्र रे लोवेन यांनी हाच मार्ग धरला, आणि ते घाईत कोसळले. मिसिसिपीतल्या ओ’कीफ या घराण्याने करार मोडल्याबद्दल त्यांच्या कंपनीवर दावा लावला. १९९५ मध्ये जॅक्सन येथील ज्यूरीने ५० कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पुढच्या वर्षी साडेसतरा कोटींवर तडजोड झाली, तरी कंपनी सावरली नाही आणि १९९९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. बर्मिंगहॅमच्या हॉजसन या जुन्या घराण्यातले हॉवर्ड हॉजसन यांनी ब्रिटनमध्ये १९७५ पासून असाच विस्तार केला, १९८६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नेली, आणि १९८९ मध्ये ती एका फ्रेंच समूहात विलीन झाली. राजांचे अंत्यविधी करणारी केनियन पेढीही त्या समूहात होती. १९९४ मध्ये वॉल्ट्रिप यांच्या कंपनीने ब्रिटनमधल्या दोन मोठ्या साखळ्या विकत घेतल्या. तिथला तो कारभार २००२ मध्ये वेगळा होऊन ‘डिग्निटी’ ही कंपनी झाली.

साखळीतल्या दुकानातली सेवा वाईटच असते असे माझे म्हणणे नाही. मोठ्या कंपनीकडे चांगली शवागारे आणि प्रशिक्षित माणसे असू शकतात, आणि कौटुंबिक दुकानातही हलगर्जीपणा होऊ शकतो. माझी हरकत लपवण्याला आहे. पणजोबांच्या वेळचे नाव पाहून एखादी बाई आत जाते, तेव्हा तिने त्या नावावर टाकलेला विश्वास ज्यांनी कमावला ते लोक आत नाहीत, हे तिला कळले पाहिजे. ब्रिटनच्या स्पर्धा नियामक संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये आपली चौकशी पूर्ण केली आणि त्यानंतर निघालेल्या आदेशानुसार सप्टेंबर २०२१ पासून प्रत्येक अंडरटेकरला ठरावीक नमुन्यातले दरपत्रक दुकानात आणि संकेतस्थळावर लावावे लागते, तसेच व्यवसायाचा अंतिम मालक कोण हेही जाहीर करावे लागते. गिऱ्हाईक पाठवावे म्हणून इस्पितळांना आणि वृद्धाश्रमांना पैसे देण्यासही बंदी आहे. अमेरिकेत प्रत्येक बाबीची वेगळी किंमत लेखी देण्याचा नियम १९८४ पासूनच आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा व्यवसाय सुरू करायला अद्याप कोणताही परवाना लागत नाही, हे अनेकांना ऐकून धक्का बसेल. स्कॉटलंडने २०१६ च्या कायद्याने तपासणीची तरतूद केली आहे.

प्रश्न : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजात या घराण्यांना फार मान होता असे वाचले. त्याचे कारण काय?

उत्तर : वर्णभेदाच्या काळात गोरे अंडरटेकर कृष्णवर्णीयांचे प्रेत स्वीकारत नसत किंवा मागच्या दाराने, अपमानाने स्वीकारत. त्यामुळे स्वतःच्या माणसांना सन्मानाने पोचवण्यासाठी त्या समाजातच पेढ्या उभ्या राहिल्या. त्यांचे गिऱ्हाईक पूर्णपणे आपल्याच समाजातले असल्याने गोरा मालक किंवा बँक त्यांची रोजी हिरावून घेऊ शकत नव्हती, आणि या स्वातंत्र्यामुळे ही घराणी नागरी हक्कांच्या लढ्यात उघडपणे उभी राहू शकली. अलाबामातील बर्मिंगहॅमचे ए. जी. गॅस्टन यांनी दफनविम्यापासून सुरुवात करून उद्योगसमूह उभारला, आणि १९६३ च्या आंदोलनात मार्टिन ल्यूथर किंग यांचा मुक्काम त्यांच्याच मोटेलात होता.

१९५५ चा एक प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे. मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाची वर्णद्वेषातून अमानुष हत्या झाली. प्रेत शिकागोला आले तेव्हा त्याच्या आईने, मॅमी टिल यांनी, पेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. रेनर या कृष्णवर्णीय पेढीने ते मानले. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. कोणताही अंडरटेकर असे प्रेत दाखवायला कचरला असता, कारण झाकणे आणि सावरणे हेच त्याच्या हाताला शिकवलेले असते. हजारो लोकांनी ते दर्शन घेतले, वृत्तपत्रांत छायाचित्रे आली, आणि देश हादरला. मिसिसिपीतला खटला पाहायला मुद्दाम गेलेले अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य चार्ल्स डिग्ज हेही डेट्रॉइटच्या एका मोठ्या अंत्यविधी व्यावसायिकाचे पुत्र होते.

प्रश्न : अशा एखाद्या पेढीचा इतिहास लिहायचा असेल तर साधने कोणती? घराण्याच्या आठवणींवर कितपत भिस्त ठेवावी?

उत्तर : आठवणींपासून सुरुवात करावी, पण स्थापनेचे वर्ष आठवणीवर लिहू नये. ‘अमुक सालापासून’ ही पाटीवरची तारीख अनेकदा सुतारकामाची असते आणि अंत्यविधीचे काम दोन पिढ्यांनी नंतर सुरू झालेले असते. ते पडताळायला जुन्या व्यापारी सूची उत्तम. इंग्लंडमध्ये केली यांच्या सूचींतून एकच माणूस एका आवृत्तीत नुसता सुतार, पुढच्या आवृत्तीत सुतार आणि अंडरटेकर, असा बदलताना दिसतो. जनगणनेच्या याद्यांतून घरात कोण राहत होते, काम शिकणारे उमेदवार किती होते, मुलाने कोणता व्यवसाय नोंदवला, हे कळते. तिथल्या याद्या शंभर वर्षांनी खुल्या होतात. १९२१ ची यादी जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली.

सर्वांत मोलाचे साधन म्हणजे पेढीच्या रोजच्या नोंदवह्या. मृताचे नाव, वय आणि पत्ता, पेटीची लांबी आणि खांद्यापाशी रुंदी, लाकूड एल्म की ओक, मुठी कोणत्या, घोडे दोन की चार, चर्चची आणि कबर खणणाऱ्याची फी, एकूण रक्कम, आणि ती कधी वसूल झाली, असे सारे एकेका ओळीत असते. १९१८ च्या शरद ऋतूतल्या पानांवर फ्लूच्या साथीमुळे नोंदींची गर्दी दिसते. तान्ह्या बाळाच्या वीस इंचांच्या पेटीची नोंद पानोपानी सापडते, आणि कोणत्या दशकापासून ती विरळ होत गेली हे त्याच वहीवरून मोजता येते. रकमेपुढे कधी निम्मेच पैसे जमा दिसतात आणि पुढे काहीच नसते. कोणाचे देणे सोडून दिले, हे घराणे स्वतः सांगणार नाही, पण वही सांगते. अशा पुष्कळ वह्या आता इंग्लंडमधल्या जिल्हा अभिलेखागारांत जमा आहेत. पेढी विकली जाताना त्या रद्दीत जाण्याचा धोका मोठा असतो, म्हणून विक्रीच्या करारातच त्या अभिलेखागाराला देण्याचे कलम घालून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. गेल्या काही दशकांतल्या नोंदींतली कुटुंबे अजून हयात असतात. त्यांची नावे आणि थकबाकी त्यांच्या संमतीवाचून छापू नये.